अ‍ॅक्सिलरेटर पेडल सेन्सरचे दोषनिदान

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा आवरणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) गाडीत पेडलापासून इंजिनापर्यंत केबल जात नाही. पेडल किती दाबले गेले, हे त्याला जोडलेला सेन्सर व्होल्टेजच्या रूपात ईसीएमला, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाला, कळवतो. जुन्या पेडलांत पट्टीवर घासत सरकणारा पोटेन्शिओमीटर असे. आता बहुधा चुंबकावर चालणारा, न झिजणारा हॉल सेन्सर असतो.

सेन्सर एक नसून दोन असतात, आणि निदानाची खरी मेख तिथेच आहे. अनेक गाड्यांत पाय उचललेला असताना पहिला साधारण ०.७५ व्होल्ट देतो आणि दुसरा त्याच्या निम्मे. पेडल दाबू तसे दोन्ही आकडे वाढतात, पण निम्म्याचे नाते सुटत नाही. (काही गाड्यांत एक चढताना दुसरा उतरतो, म्हणून त्या मॉडेलचे मॅन्युअल आधी उघडावे.) नाते बिघडले की चेक इंजिनचा दिवा लागतो, ईसीएम ताकद आवरती घेतो आणि चालक गॅरेजमध्ये येऊन सांगतो, ‘गाडी रेस घेत नाही.’

स्कॅनरवर (ईसीएमने नोंदलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर) पी२१३८ हा कोड दिसला तर दोन सिग्नल जुळत नाहीत. पी२१२२ म्हणजे एका सिग्नलचे व्होल्टेज फार कमी, पी२१२३ म्हणजे फार जास्त. कोड वाचताच नवे पेडल मागवण्याची घाई सर्रास होते आणि ती ग्राहकाला नाहक महागात पडते. कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी शिरले, उंदराने वायर कुरतडली, तरी कोड तेच येतात.

इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) लावावा आणि पेडल अगदी सावकाश दाबावे. आकडा वाटेत एकाच जागी दरवेळी कोसळत असेल, तर संशय सेन्सरवर. पेडल स्थिर ठेवून नुसती वायरिंग हलवताच तो नाचू लागला, तर दोष वायरीत किंवा कपलरमध्ये. मग मल्टीमीटरने व्होल्टेज मोजावे. कपलरला सहसा सहा वायरी असतात: प्रत्येक सेन्सरचे ५ व्होल्ट, अर्थिंग (ग्राउंड) आणि सिग्नल. ५ व्होल्टच पोहोचत नसतील तर पेडलाला दोष देण्यात अर्थ नाही. कित्येक गाड्यांत हाच पुरवठा इतर सेन्सरांनाही जातो. तिसराच एखादा सेन्सर शॉर्ट होतो आणि खापर पेडलावर फुटते. अशा वेळी त्या लाइनवरचे कपलर एकेक काढत जावे. ज्याच्यापाशी ५ व्होल्ट परत येतात, तिथे दोष.

प्रत्येक दोष कोड टाकतोच असेही नाही. टोयोटाच्या एका पोटेन्शिओमीटर पेडलात दोन सिग्नलांमध्ये कथिलाचा केसासारखा तंतू वाढून शॉर्ट झाल्याचे नासाच्या २०११ च्या अहवालात नोंदले आहे. म्हणून कोड नसला तरी चालकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे: गचका कधी बसतो, पाय कुठे असताना, पावसात की कोरड्यात.