आत्याचा आजार कोण मोजतो? स्तनकर्करोग तपासणीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर 2021 मध्ये 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहीम सुरू झाली आणि गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत हातात मावणारे एक यंत्र आले. मोहिमेमागे क्रिकेटपटू युवराज सिंगची संस्था होती, त्यामुळे बातम्यांत यंत्रापेक्षा तोच जास्त झळकला. यंत्र स्तनावर टेकवत नेले की कुठला भाग आजूबाजूपेक्षा घट्ट आहे ते कळते. क्ष-किरण नाहीत, दाबून धरणे नाही. संशय आला तर मात्र सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा क्ष-किरण फोटो), बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) हे सगळे आलेच.

मग सरसकट मॅमोग्राफीच का नको? आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर गाठतो, आणि तरुण वयातल्या दाट स्तनांत मॅमोग्राफीला गाठ नीट दिसत नाही. त्यात मॅमोग्राफीचे यंत्र महाग, फिल्म वाचणारे डॉक्टर मोजके. म्हणून मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने करत. निकाल 2021 मध्ये आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, आणि ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

स्तनकर्करोगामागच्या जनुकांची गोष्ट याहून जुनी. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी 1866 मध्ये बायकोच्या माहेरच्या चार पिढ्यांतले कर्करोग नोंदवले होते. आजार घराण्यातून उतरतो या संशयाला पुरावा मिळाला 1990 मध्ये. अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी रोग लहान वयात झालेली घराणी वेगळी काढली, तेव्हा सतराव्या गुणसूत्राकडे बोट गेले. 1994 मध्ये बीआरसीए-1 हे जनुक हाती लागले, पुढच्या वर्षी बीआरसीए-2. अमेरिकेतल्या मिरियड कंपनीने त्यांवर पेटंट घेतले आणि चाचणी तीन हजार डॉलरांपर्यंत महागली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2013 मध्ये नैसर्गिक जनुकावर पेटंट मिळत नाही असा निकाल दिला, तेव्हा कुठे इतर प्रयोगशाळांना वाट मोकळी झाली.

या जनुकांत दोष असलेल्या दर दहा स्त्रियांपैकी साधारण सात जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनकर्करोग होतो. पण एकूण रुग्णांत आनुवंशिक प्रकार 5 ते 10 टक्केच, म्हणून चाचणी सगळ्यांची नसते. आधी घरचा इतिहास विचारतात. घोळ होतो तो इथे. 'घरात कोणाला झालंय?' म्हटले की बायका आई आणि मावशी सांगतात. बीआरसीएचा दोष बापाकडूनही तितकाच येतो, हे ध्यानातच नसते. आत्या काणकोणची, लग्न होऊन डिचोलीला गेली, लग्नात नावही बदलले. तिला काय झाले होते ते भाचीला कोण सांगणार? आजीच्या बाबतीत तर 'पोटात गाठ होती' एवढेच ऐकलेले असते. ती बीजांडकोशाची असेल, तर तीही याच जनुकांची असू शकते. काकांच्या छातीतल्या गाठीचेही तसेच. तिचा तर घरात उच्चारही होत नाही.