जर-तरचे बाण कुठून आले आणि एका परीक्षेतून का गेले

अंबड निवडलं तर बीड निवडायलाच लागतं, असा नियम पझलमध्ये आला की औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेतलं कोणतंही लेकरू आधी कोऱ्या कागदावर अ लिहितं, बाण काढतं, पुढं ब लिहितं, आणि खाली लगेच दुसरी ओळ लिहितं, ब वर काट, बाण, अ वर काट, म्हणजे बीड नाही तर अंबड पण नाही. बँक, एमपीएससी, कॅट, कशाचीही तयारी असो, हे आता हाताच्या सवयीचं झालंय. पझल म्हणजे काही अटी देऊन त्यावरून काय बसतं आणि काय बसत नाही ते काढायला लावणारा प्रश्न. हे बाण आले कुठून, आणि ज्या परीक्षेच्या तयारीत ते सगळ्यात जास्त घोटले गेले त्या एलसॅटनंच, म्हणजे अमेरिकेतल्या वकिलीच्या प्रवेश परीक्षेनंच, २०२४ ला पझलचा विभाग का काढून टाकला, एवढंच बघू.

मूळ विचार लई जुना आहे. न्यायशास्त्रात डोंगरावरच्या धुराचं उदाहरण पिढ्यानपिढ्या चालत आलंय, जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा अन्वय. लगेच त्याची दुसरी बाजू सांगतात, जिथं अग्नी नाही तिथं धूर नाही, जसं तळं. हा व्यतिरेक. पझलमधली ती काट मारलेली दुसरी ओळ म्हणजे हाच व्यतिरेक, दुसरं काही नाही. आणि पोरं जी हमखास चूक करतात, अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, तिच्यासाठी पण उदाहरण तयार होतं, लालबुंद तापवलेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे पण धूर नाही. माझं स्पष्ट मत आहे की रिझनिंगच्या पहिल्या तासाला हा गोळा सांगितला पाहिजे, अर्ध्या चुका तिथंच थांबतील.

युरोपात १८७९ ला एका जर्मन गणितज्ञानं अट आणि निष्कर्ष रेघांनी जोडून कागदावर मांडायची पद्धत छापली होती, ती फारशी कुणी उचलली नाही, साधा बाण नंतर विसाव्या शतकात रुळला. १९६६ ला इंग्लंडमध्ये चार कार्डांचा प्रयोग झाला, प्रत्येक कार्डावर एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक. एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक पाहिजे, हा नियम खरा का खोटा तपासायला कोणती कार्डं उलटायची? बहुतेकांनी स्वर आणि सम अंक सांगितला, बरोबर उत्तर स्वर आणि विषम अंक. म्हणजे उलटा बाण माणसाला आपोआप सुचत नाही, तो शिकावा लागतो, आणि शिकवला की येतो.

आता परीक्षा. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरईमध्ये १९७७ ला तर्काचा ॲनालिटिकल विभाग आला, वकिलीच्या प्रवेशाच्या एलसॅटमध्ये अशी पझलं १९८२ पासून. ३५ मिनिटं, चार पझलं, २२ ते २४ प्रश्न. बरं, कागदावरच्या परीक्षेत वेगळा रफ कागद मिळायचाच नाही, प्रश्नपत्रिकेवरच उरलेल्या जागेत सगळी आकृती बसवायची. त्याच्यामुळं क्लासेसनी आकृती छोटी, पटकन निघणारी आणि एकाच जागी सगळे नियम दिसणारी अशी घडवत नेली. एकेका अक्षराचे बाण, त्यांची साखळी, नकारासाठी काट, हे सगळं त्या अडचणीतून पक्कं झालं. जीआरईनं २००२ ला आपला विभाग काढला आणि तिथं लेखन आणलं, पण त्या जुन्या सेटच्या झेरॉक्स आपल्याकडं कॅटवाल्या पोरांच्या हातात नंतर पण बरीच वर्षं फिरत राहिल्या.

ही साखळी काय काम करते ते एकदा जवळून बघा. गावं सहा, अंबड, बीड, चाकूर, देगलूर, हिंगोली, किनवट, आणि त्यातून काही निवडायची. नियम तीन. अंबड घेतलं तर बीड घ्यायचं. चाकूर घेतलं तर बीड घ्यायचं नाही. देगलूर नसेल तर चाकूर पाहिजेच. वाचताना तिन्ही सुटे वाटतात. पण दुसरा नियम उलटा केला की बीड असेल तर चाकूर नाही, तिसरा उलटा केला की चाकूर नसेल तर देगलूर आहे, आणि मग एकच सरळ रेघ होते, अंबड, बीड, चाकूर नाही, देगलूर. म्हणजे अंबड घेतलं की देगलूर आलंच, आणि देगलूर सोडलं की बीड पण गेलं अंबड पण गेलं. तिसऱ्या नियमात मात्र लई जण फसतात, त्यांना वाटतं देगलूर आणि चाकूर एकत्र चालतच नाहीत. चालतात, दोन्ही सोडता येत नाहीत एवढंच. हिंगोली आणि किनवटवर नियमच नाही, ती कुठंही बसतात.

वाद इथून पुढं सुरू होतो. मिशिगनमधल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्यानं कोर्टात धाव घेतली, म्हणणं असं की एलसॅटचा हा पझलचा विभाग आकृती काढल्याशिवाय वेळेत होत नाही, आणि ज्याला दिसतच नाही त्यानं आकृती काढायची कशी? २०१९ ला तडजोड झाली, परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं चार वर्षांत दुसरा मार्ग शोधायचं मान्य केलं. २०२३ ला जाहीर झालं की विभागच जाणार, जून २०२४ ची परीक्षा शेवटची ठरली आणि ऑगस्ट २०२४ पासून त्या जागी उताऱ्यावरच्या युक्तिवादाचा आणखी एक विभाग आला.

त्या विद्यार्थ्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. परीक्षेनं कधी कुणाला आकृती काढा म्हणून सांगितलं नव्हतं, मार्क फक्त पर्यायाला होते, हे खरंय. पण ३५ मिनिटांत चार पझलचे सगळे नियम डोक्यात धरून ठेवायचे हे डोळस माणसाला पण जमत नाही, मग दृष्टिहीनाकडून ती अपेक्षा करणं अन्यायच. माझा आक्षेप उपायावर आहे. नियम थोडे ठेवता आले असते, वेळेचं बंधन सैल करता आलं असतं, व्यतिरेक तपासायला सहा गावं आणि वीस प्रश्न लागत नाहीत. संस्थेचं म्हणणं आहे की विभाग काढून पण एकूण गुणांवर जवळपास काही फरक पडत नाही. सरासरीत नसेल पडत, पण ज्याचं इंग्रजी वाचन हळू आहे आणि ज्यानं हा एकच विभाग घासून घासून पक्का केला होता त्याला फरक पडतो, कारण सरावानं सगळ्यात जास्त मार्क वाढायचे ते याच विभागात. त्या जागी आता वाचनच आलंय.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. यूपीएससीत सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेतला उतारे, गणित आणि रिझनिंगचा पेपर, २०११ ला आला आणि २०१४ ला दिल्लीत आंदोलन पेटलं, इंग्रजी उताऱ्यांवरून आणि हिंदीतल्या अगम्य भाषांतरावरून. २०१५ पासून तो पेपर फक्त ३३ टक्क्यांनी पास व्हायचा राहिला. एमपीएससीनं २०१३ ला सीसॅट आणला आणि २०२३ पासून त्याला पण पास होण्यापुरता केला. त्या सगळ्या भांडणात उतारे, गणित, इंजिनिअर विरुद्ध कला शाखा हेच गाजलं. जर-तरच्या पझलला कमीत कमी भाषा लागते आणि हिंगोली-परभणीच्या मराठी माध्यमाच्या पोराला तिथं शहरातल्या पोराच्या बरोबरीनं धावता येतं, हा मुद्दा कुणी लावून धरला नाही. लातूरनं बारावीच्या सायन्सला पॅटर्न घडवला, रिझनिंगसाठी तसं कुणी मन लावून केलं असतं तर मार्क तिथं पण निघाले असते असं मला ठाम वाटतं.

आजची स्थिती अशी की कॅटमध्ये डेटा आणि लॉजिकचा ४० मिनिटांचा विभाग आहे आणि त्यात निवडीची, अटींची पझलं येतात, बँकेच्या पेपरात बैठक आणि मजल्यांची पझलं सुरूच आहेत. एलसॅटमध्ये पण बाण पूर्ण संपले असं नाही, युक्तिवादाच्या प्रश्नांत एखादं वाक्य जर-तरचं असतंच आणि पर्यायांत त्याचं चुकीचं उलटं रूप मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथं एका प्रश्नापुरता एकच बाण लागतो, चार नियमांची साखळी लावायची वेळ आता येत नाही.