भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवं लिहावं लागतं

“मामा, जाईन ना मी कॉलेजला. आधी भीती तर जाऊ दे.”

ऑगस्टच्या शेवटी माझी भाची हे म्हणाली, आणि तेव्हापासून हा लेख डोक्यात घोळतो आहे. ती मेढ्याजवळच्या एका गावातली. साताऱ्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तिला प्रवेश मिळाला. रोज सकाळची एसटी, हातात पास, पिशवीत भाकरीचा डबा. घरच्यांच्या लेखी पोरगी कॉलेजला जात होती. प्रत्यक्षात ती तीन आठवडे सातारा स्टँडवरच्या बाकावर बसून होती. डबा तिथेच खायचा, दुपारची गाडी धरायची आणि घरी यायचं. कमी हजेरीवाल्यांची यादी लागली तेव्हा हे उघडकीला आलं.

घरात आधी “नाटकं आहेत” झालं, मग “कुणाची तरी नजर लागली” झालं. मी तिच्याजवळ बसलो तेव्हा तिने वेगळंच सांगितलं. तिचा रोल नंबर ४७. हजेरी घेताना सर चाळीसच्या पुढच्या नंबरांवर आले की हिच्या कानात धडधड ऐकू यायची, जीभ टाळूला चिकटायची, बोटांना मुंग्या यायच्या. “प्रेझेंट सर”, एवढे दोन शब्द. एक दिवस आवाज फुटलाच नाही. सरांनी गैरहजेरी मांडली आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली आणि माघारी वळली.

“माघारी वळल्यावर कसं वाटलं?”

“मोकळं. एकदम मोकळं.”

या ‘मोकळं’ वाटण्यातच सगळी मेख आहे.

शरीरात काय घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण तो भाग शाळेत थोडाफार झालेला असतो. मेंदूने धोका मानला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, पोटाचं रक्त स्नायूंकडे वळतं, तोंड कोरडं पडतं. वाघ दिसला तर हे कामाचं आहे, पण हजेरीपटापासून पळून जाण्याचा काय उपयोग! मुंग्या मात्र ॲड्रेनॅलिनने येत नाहीत. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. मग रक्ताची आम्लता घटते, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यातून मुंग्या येतात आणि चक्कर आल्यासारखं होतं. अशा वेळी लोक “मोठ्ठे श्वास घे” म्हणतात. त्याने चक्कर वाढू शकते. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा आणि सोडताना सावकाश, लांबवत सोडायचा. आणखी एक गोष्ट: रक्तात आलेलं ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. नवी भर पडली नाही तर ही लाट आपोआप ओसरते.

पण माझी भाची ती लाट ओसरेपर्यंत कधी थांबलीच नव्हती.

१९५३ साली रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो क्रूर होता, आज त्याला सहजी परवानगी मिळणार नाही. पेटीचे दोन कप्पे, मध्ये अडसर. इशारा झाला की दहा सेकंदांनी पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका बसायचा. कुत्रा लवकरच शिकला की इशारा होताच पलीकडे उडी मारायची. मग संशोधकांनी वीजच बंद केली. कुत्रे तरीही उड्या मारत राहिले, शेकडो वेळा! झटका बंद झाला आहे हे कळायला दहा सेकंद जागेवर थांबणं भाग होतं, आणि तेवढं कुणी थांबत नव्हतं. प्रत्येक उडीनंतर सुटल्याची भावना यायची आणि तीच पुढच्या उडीचं बक्षीस ठरायची.

स्टँडवरचा बाक म्हणजे पेटीचा पलीकडचा कप्पा. तिथे बसल्यावर वाटणारं ‘मोकळं’ हेच बक्षीस. याला आळस म्हणू नका. मेंदू नीट शिकत असतो, फक्त चुकीचा धडा शिकत असतो. रोज तोच निष्कर्ष पक्का होतो: आपण वर्गात गेलो नाही म्हणून वाचलो. म्हणून ‘आधी भीती जाऊ दे, मग जाईन’ हा क्रम उलटा आहे. आपण दूर राहिलो की भीती वाट बघत बसते, आणि बहुतेक वेळा फुगते.

आता ज्या भागासाठी लेख लिहायला घेतला तिकडे येतो. भीती ‘जाते’ म्हणजे नेमकं काय होतं?

पावलोव्हचा कुत्रा सगळ्यांना आठवतो. ठोका पडला की खाणं मिळतं हे शिकलेला कुत्रा नुसत्या ठोक्याला लाळ गाळतो. पुढचा भाग शाळेत घाईत उरकला जातो. ठोका वाजवत राहिलं आणि खाणं दिलंच नाही, तर लाळ हळूहळू बंद होते. याला विलोपन म्हणतात. शब्द फसवा आहे, त्यातून काहीतरी पुसलं गेलं असं वाटतं. पण पावलोव्हनेच पाहिलं होतं की कुत्र्याला थोडी विश्रांती देऊन पुन्हा ठोका वाजवला की लाळ परत येते. जे पुसलं गेलं ते परत कुठून येणार? म्हणजे जुना धडा जागेवरच होता. त्याच्यावर दुसऱ्या कशाचा तरी दाब होता, आणि विश्रांतीत तो दाब सैल झाला.

हा दाब कुठून येतो? दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो, त्याला अमिग्डला म्हणतात. बाहेरच्या खुणेची आणि धोक्याची गाठ त्याच्या बाजूच्या भागात बांधली जाते, आणि ‘घाबर’ हा हुकूम त्याच्या मध्य केंद्रकातून सुटतो. तिथून तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जातो आणि हृदय धडधडतं, मेंदूच्या खोडाकडे जातो आणि माणूस थिजतो. या दोन भागांच्या मध्ये छोट्या पेशींचे पुंजके आहेत, त्यांचं काम हुकूम अडवणं. कपाळामागच्या मेंदूच्या आतल्या-खालच्या भागाकडून या पेशींना चेतना मिळाली की त्या गाबा नावाचं रसायन सोडून मध्य केंद्रकाला गप्प करतात. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ साली उंदरांमध्ये दाखवलं की आवाजाच्या भीतीचं विलोपन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तोच आवाज ऐकवला तर याच भागातले चेतापेशी पेटतात, आणि ते जितके जास्त पेटतात तितका उंदीर कमी थिजतो. आवाजाबरोबर या भागाला बारीकसा विजेचा प्रवाह दिला, तर एरवी घाबरणारा उंदीरही कमी घाबरला.

वाचक इथे दमला असेल तर एवढंच धरून ठेवा: मेंदूत दोन वह्या आहेत. जुनी म्हणते “वर्ग धोक्याचा”, नवी म्हणते “वर्गात बसलो, काही झालं नाही”. जुनीचं पान फाटत नाही. नवी इतकी भरावी लागते की वेळेला तीच आधी हाताशी यावी.

आणि नव्या वहीत एक खोट आहे. जुनी वही कुठेही उघडते, नवी मात्र जागा बघून उघडते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी प्रयोगांमागून प्रयोग करून हे दाखवलं: एका जागी लागलेली भीती दुसऱ्या जागी घालवली, तरी प्राणी पहिल्या जागी परतला की भीती हजर. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग जागेची नोंद नव्या धड्याला चिकटवून ठेवतो. म्हणूनच समुपदेशकाच्या शांत खोलीत धीट झालेलं पोर वर्गाच्या दारात पुन्हा पांगळं होतं. सराव वर्गात हवा, प्रयोगशाळेत हवा, ग्रंथालयात हवा, सकाळी हवा आणि दुपारीही हवा.

मेंदू कधी शिकतो? अंदाज चुकतो तेव्हा. म्हणून आम्ही शंभर पानी वही घेतली. रोज आत जायच्या आधी एक ओळ: काय होईल असं वाटतं, आणि शंभरपैकी किती खात्री. बाहेर आल्यावर दुसरी ओळ: काय झालं. पहिल्या दिवशी फक्त फाटकातून आत जाऊन दहा मिनिटं झाडाखाली बसायचं होतं. “सगळे बघतील, ८०.” खाली लिहिलं होतं, “एकाने वेळ विचारली.” मग रिकाम्या वर्गात, मग दाराजवळच्या बाकावर एक तास, मग हजेरी. पायरी तिने ठरवायची, मी नाही. ढकलून पाण्यात टाकलेलं पोर पोहायला शिकेलच असं नाही, विहिरीला कायमचं घाबरेल हे मात्र होऊ शकतं.

यात दोऱ्याचा प्रश्न आला. माझ्या बहिणीने एका देवऋषीकडून मंतरलेला काळा दोरा आणून पोरीच्या मनगटाला बांधला होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या साताऱ्याचे, त्या साताऱ्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा होऊन इतकी वर्षं लोटल्यावरही आपण हे करतो, याचं मला मनापासून दुःख होतं. बहीण म्हणाली, “दादा, तिला धीर येतोय ना? मग काय बिघडलं?” बिघडतं. पोरगी वर्गात बसली, काही झालं नाही, तर श्रेय कुणाला? दोऱ्याला. मग नव्या वहीत नोंद होते “दोरा होता म्हणून वाचलो”, आणि दोरा तुटला की भीती आहे तिथेच. हीच गत कानात अडकवलेल्या हेडफोनची, हातात घट्ट धरलेल्या बाटलीची, मैत्रिणीशिवाय आत न जाण्याची. सुरुवातीला अशी काठी चालेल, पण ती एकेक करून टाकावी लागते. स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि ‘तीन मिनिटांत आत्मविश्वास’ विकणारे व्हिडिओही मी याच रांगेत बसवतो. भाचीने दोरा स्वतःच सोडला, आईच्या हातात दिला आणि म्हणाली, “आई, हा तुझ्यापाशी ठेव.”

एक गोष्ट नीट बघावी लागते. वर्गात खरंच कुणी छळत असेल, रॅगिंग होत असेल, तर ती भीती बरोबर आहे. तिथे सरावाचं काम नाही, तक्रारीचं आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञच हवेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दिवाळीपर्यंत भाची नियमित जाऊ लागली होती. मग सुट्टी लागली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी तिचा स्टँडवरून फोन आला. “मामा, परत तसंच होतंय. सगळं पाण्यात गेलं.” पावलोव्हचा कुत्राही विश्रांतीनंतर असाच वागला होता, हे मी तिला आधीच सांगून ठेवायला हवं होतं. तेव्हा फोनवरच सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे हे होणारच होतं?” मी म्हटलं, होणारच होतं, आणि या वेळी ओसरायला आधीएवढे दिवस लागणार नाहीत. ती पोवई नाक्याकडे चालत निघाली. फोन चालूच होता, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. फाटकाशी पोहोचल्यावर तिने स्वतःच फोन बंद केला, कारण फोनही एक दोराच आहे हे तिला कळलं होतं.

परवा तिने वही दाखवली. शेवटची नोंद अशी होती: “केमिस्ट्रीची तोंडी परीक्षा. काहीच सुचणार नाही, ९०.” आणि खाली: “पहिला प्रश्न चुकला. दुसरा आला. तिसऱ्याला सर म्हणाले, मराठीत सांग. सांगितलं.”