उन्हात गाडी धुणे आणि पाण्याचे डाग

उघड्या उन्हात गाडी धुतली की पत्रा वाळता वाळता त्यावर पांढुरके ठिपके, वर्तुळे आणि ओघळ उमटतात. थेंबातले पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार रंगावर मागे राहतात. सावलीत धुतलेली गाडी न पुसता सोडली तर तिच्यावरही हेच डाग पडतात. उन्हाने फक्त पुसायला मिळणारा वेळ आक्रसतो. त्यामुळे उन्हात धुण्याचे सगळे तंत्र थेंब जागच्या जागी वाळू न देण्यावर उभे आहे, आणि ते जमण्यासारखे नसेल तर शेवटचे पाणी तरी बिनक्षाराचे असावे लागते.

डाग धरणारे मुख्य क्षार म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट. पाण्याचा जडपणा लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट या हिशेबात मोजतात. साधारण 60 पर्यंतचे पाणी हलके आणि 180 च्या वरचे फार जड समजले जाते. थेंब तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते खाली बसते. गीझरच्या कॉइलवर चढणारा थर हाच. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, याचे मात्र उलटे आहे. म्हणजे तापलेला पत्रा पाणी लवकर उडवतो आणि क्षारही लवकर बाहेर काढतो.

डाग भरीव न दिसता कडा गडद असलेल्या वर्तुळासारखा दिसतो, याचा उलगडा सांडलेल्या कॉफीच्या डागावर 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून झाला. वाळणाऱ्या थेंबाची कड पृष्ठभागाला धरून राहते. कडेचे पाणी आधी उडते, त्याची भरपाई करायला मधले पाणी कडेकडे वाहत राहते आणि आपल्यासोबतचा ऐवज तिथे नेऊन टाकते.

उन्हाचा हिशेब तापमानातून कळतो. 20 अंश सेल्सियसला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे पाणी किती जोराने वाफ होऊ पाहते त्याचे माप, सुमारे 2.3 किलोपास्कल असतो, 60 अंशांना तो जवळपास 20 होतो. काळ्या किंवा गडद गाडीचे बॉनेट कडक उन्हात साठीच्या पुढे सहज जाते. त्यात वारा असेल, हवा कोरडी असेल, तर शॅम्पूचा फेस धुऊन काढायच्या आतच सुकतो आणि क्षारांच्या जोडीला साबणाचाही पट्टा उठतो. थेंब भिंगाचे काम करून रंग भाजतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. पत्र्यावर बसलेला थेंब चपटा असतो आणि त्याच्यातून गेलेले किरण रंगाच्या पातळीवर एकवटतच नाहीत.

सावली मिळत असेल तर ती घ्यावी. खालचे उपाय सावली नसलेल्यांसाठी आहेत. कोवळ्या उन्हाची किंवा उतरत्या उन्हाची वेळ निवडली तरी अर्धे काम होते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेटला आतून इंजिनाची धगही असते. बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा. काही सेकंदही टेकवता येत नसेल तर शॅम्पूला हात लावू नये, आधी नुसते पाणी सोडून पत्रा निववावा. पाणी उडताना भरपूर उष्णता ओढून नेते, त्यामुळे दोनतीनदा भिजवले की पत्रा बराच थंड होतो. चाके पहिल्यांदा धुवावीत, कारण तोवर वरचा भाग भिजवत राहता येतो.

त्यानंतर संपूर्ण गाडीला एकदम फेस लावायचा मोह टाळावा. टप, मग एक बाजू, मग दुसरी, असा एकेक भाग घ्यावा: फेस लावला, लगेच धुतला, लगेच पुसला. एका भागावर काम चालू असताना आधीच धुतलेल्या ओल्या भागांवर अधूनमधून पाणी मारत राहावे. ज्या बाजूवर ऊन थेट पडते ती शेवटी घ्यावी.

शेवटच्या धुण्यात बहुतेक जण नोझल जोरात मारतात आणि तिथेच चुकतात. फवाऱ्याने पत्र्यावर हजारो थेंब उडतात. त्याऐवजी नोझल काढून पाइपचे तोंड टपाजवळ धरावे आणि पाणी संथ सोडावे. ते सलग पडद्यासारखे खाली घसरते, जाता जाता सुटे थेंब ओढून नेते आणि पुसायला फार थोडे उरते. पुसायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्यावा. तो पसरून ठेवून हलकेच ओढावा, घासू नये. आरशांच्या खाचा, दाराची हँडले, नंबरप्लेटच्या कडा आणि डिकीच्या फटी इथे पाणी दडून बसते आणि गाडी हलली की पुसलेल्या पत्र्यावर ओघळते. हवेचा ब्लोअर असेल तर या जागा आधी फुंकून घ्याव्यात, नसेल तर दारे एकदा उघडझाप करून पुन्हा फडका फिरवावा.

वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीला डाग लागत नाहीत, असे विकणारे सांगतात. ते निम्मेच खरे आहे. कोटिंगवर पाणी गोल, उंच थेंबांत गोळा होते. गाडी चालू असताना किंवा पाणी वाहते असताना हे थेंब पटकन निसटतात, पण उन्हात उभ्या गाडीच्या सपाट बॉनेटवर ते तसेच बसून राहतात आणि सगळे क्षार छोट्याशा जागेत दाट जमतात. कोटिंगचा उपयोग मुख्यतः डाग थेट रंगाला न भिडण्यात आहे. पुसण्याचे कष्ट त्याने वाचत नाहीत.

पाणीच शुद्ध केले तर पुसण्याची घाई उरत नाही. डीआयोनाइज्ड, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या पाण्यासाठी ते दोन प्रकारच्या रेझिनमधून (आयनांची अदलाबदल करणाऱ्या बारीक मण्यांमधून) नेतात. एक धन आयनांच्या जागी हायड्रोजन देते, दुसरे ऋण आयनांच्या जागी हायड्रॉक्साइड, आणि दोन्ही मिळून पाणीच तयार होते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मीटरवर शून्याजवळ असेल तर गाडी उन्हात वाळू दिली तरी चालते. रेझिन लवकर संपते, म्हणून ते फक्त शेवटच्या धुण्याला वापरणे शहाणपणाचे. सॉफ्टनरचे, म्हणजे जडपणा घालवणाऱ्या यंत्राचे पाणी निराळे: त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि डागही पडतात, फक्त ते ओल्या फडक्याने निघतात.

ताजा डाग पुन्हा धुऊन, पुसून बहुधा जातो. घट्ट बसलेल्या कार्बोनेटवर साधे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून लावतात. आम्लाने क्षार विरघळतो, मग शॅम्पूने धुवावे लागते, आणि वॅक्स असेल तर पुन्हा लावावे लागू शकते. हा उपाय तापलेल्या पत्र्यावर करू नये, कारण पाणी उडून आम्ल तीव्र होते. सिलिका आणि सल्फेटचे डाग व्हिनेगरला दाद देत नाहीत. डागाने क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) खड्डाच पाडला असेल, म्हणजे धुऊन पुसल्यावरही वर्तुळाची कड तिरक्या उजेडात खोल दिसत असेल, तर पॉलिशने आजूबाजूचा थर त्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो. हा थर बऱ्याच गाड्यांवर 40 ते 50 मायक्रॉनचाच असतो आणि ऊन सोसण्याची ताकद त्याच्यातच असते, म्हणून खोल डाग पूर्ण घालवण्यापेक्षा फिका करून सोडणे कारागीर पसंत करतात. मॅट रंगाला पॉलिश चालत नाही, त्याला चकाकी येते. तिथे खड्डा पडला की तो भाग नव्याने रंगवावा लागतो.