टेबलांमधलं नातं (रिलेशनल डेटाबेस)

एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या नेमक्या कुठल्या ओळीबद्दल बोलतेय, हे रकान्यातल्या व्हॅल्यूवरून ओळखायची पद्धत. ग्रंथालयाच्या देवघेव टेबलात दर वेळी सभासदाचं नाव-पत्ता लिहीत बसत नाहीत, नुसता सभासद क्रमांक टाकतात. सभासद टेबलात तो क्रमांक प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख), देवघेवीत तोच फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी).

टेबलं एकमेकांशी रिलेटेड असतात म्हणून डेटाबेस रिलेशनल, असं सर्रास सांगितलं जातं, पण ते फारसं टिकत नाही. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी हा शब्द गणितातून उचलला, तिथे रिलेशन म्हणजे ट्युपलांचा (व्हॅल्यूंच्या ओळींचा) संच, ढोबळमानाने अख्खं टेबलच, त्यामुळे डेटाबेसात एकच टेबल असलं तरी तो रिलेशनलच. या रिलेशनल मॉडेलचा जन्म साधारण कॉड यांच्या जून १९७० च्या लेखापासून धरतात, पण त्यांचा १९६९ चा आयबीएममधला रिपोर्ट आधीचा आहे, म्हणून १९६९-७० म्हणणं बरं. घोळ वाढवायला १९७० च्या लेखात 'रिलेशनशिप' हा शब्दही आहे, पण तो ज्या रिलेशनमध्ये रकान्यांचा क्रम महत्त्वाचा नाही अशा रिलेशनसाठी! आज आपण दोन गोष्टींमधलं नातं म्हणून जी रिलेशनशिप म्हणतो ती रुळली मुख्यतः पीटर चेन यांच्या १९७६ च्या एंटिटी-रिलेशनशिप मॉडेलमुळे (गोष्टी आणि त्यांच्यातली नाती मांडायची पद्धत), असं मानायला हरकत नाही.

फॉरेन की मात्र कॉड यांच्या १९७० च्या लेखातच आहे. तिथल्या व्याख्येत ती स्वतःच्या टेबलाची प्रायमरी की नसावी अशी अट होती, ती पुढे गळली, आणि आता वन-टू-वन नात्यात (एका ओळीला समोर एकच ओळ) एकच रकाना दोन्ही कामं करताना दिसतो. टेबलाने स्वतःकडेच बोट दाखवायला (कर्मचारी आणि त्याचा साहेब, दोघं एकाच टेबलात) तेव्हाही मुभा होती.

वन-टू-मेनी (एका ओळीला समोर अनेक ओळी) सगळ्यात जास्त वापरात. मेनी-टू-मेनीला (दोन्हीकडून अनेक) मधे तिसरं टेबल लागतं, वरची देवघेव म्हणजे सभासद आणि पुस्तकं यांच्यामधलं तेच.

नातं दाखवणं वेगळं आणि डेटाबेसने ते पाळायला लावणं वेगळं, या पाळायला लावण्याला रेफरेन्शियल इंटेग्रिटी म्हणतात. एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायची भाषा) १९८६ च्या स्टँडर्डमध्ये फॉरेन की नव्हती, १९८९ मध्ये आली. मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं मायआयसॅम इंजिन (डेटा साठवणारा भाग) तर फॉरेन की लिहिलेली मुकाट्याने स्वीकारायचं आणि तपासायचं काहीच नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ही तपासणी २००९ पासून आहे, पण सहसा बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. सभासदाची ओळ उडवली तर त्याच्या देवघेवीच्या ओळींचं काय हे आधी ठरवावं लागतं: अडवायचं, त्याही उडवायच्या (कॅस्केड), की तिथे नल (व्हॅल्यूच नाही अशी खूण) टाकायचा. फॉरेन कीमध्ये नल चालतो, आणि दोन रकान्यांच्या फॉरेन कीत एक जरी नल असला तरी नेहमीच्या नियमाने दुसरा तपासलाच जात नाही, इथे भलेभले फसतात.

जॉइनला (दोन टेबलांच्या ओळी एकत्र जोडून वाचायला) फॉरेन की लागतच नाही. व्हॅल्यूंची तुलना करता आली की कुठलेही दोन रकाने जोडता येतात, मग त्या जोडण्याला अर्थ असो वा नसो.