कांद्याची टरफलं, डाळिंबाच्या साली आणि दख्खनी लोकर

नाशिक जिल्ह्यात निफाड-लासलगावकडे कांद्याची निवड सुरू झाली की खळ्यावर टरफलांचा थर साचतो. काही वाऱ्याने रस्त्यावर येतात, काही उकिरड्यात जातात, उरलेली पेटवून देतात. सटाणा, देवळा, मालेगाव या डाळिंबाच्या पट्ट्यात साली अशाच वाया जातात. आणि सिन्नर, नांदगाव, येवल्याच्या माळावर कातरणी झाली की बऱ्याचदा लोकर तिथेच पडून राहते, कारण तिला मिळणाऱ्या भावात कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. या तीनही गोष्टी एका पातेल्यात आल्या तर त्यातून सुंदर, टिकाऊ, रंगीत कापड होऊ शकतं. त्यासाठी जिल्ह्याबाहेरून तुरटी सोडली तर फारसं काही आणावं लागत नाही. हे घडतं लोकरीतल्या प्रथिनामुळे, आणि तेच प्रथिन शेवटी जमिनीच्याही उपयोगी पडतं.

कापूस म्हणजे सेल्युलोज, साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. लोकर म्हणजे केराटिन. आपले केस, नखं, जनावरांची शिंगं याच प्रथिनाची असतात. केराटिन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं आणि त्यातल्या काहींना आम्लधर्मी गट असतात, काहींना आम्लारीधर्मी. रंगाच्या रेणूला धरून ठेवायला अशा जागा लागतात. सेल्युलोजमध्ये त्या जवळपास नसतात, म्हणून सुती कापड रंगवण्याआधी आपल्याकडचे रंगारी ते हिरड्याच्या पाण्यात बुडवत आले आहेत. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, धाग्याला चिकटतं आणि पुढे रंगाला आधार देतं. लोकरीला हा आधार उपजतच मिळालेला असतो.

आपली दख्खनी मेंढी काही बारीक, मऊ लोकरीची मेरिनो नव्हे. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या आसपास. त्यातले बरेच तंतू आतून पोकळ असतात. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीकडून जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. अंगाला टोचते, म्हणून स्वेटरच्या बाजारात तिला कोणी विचारत नाही. ही तिची खोट आहे असं मला वाटत नाही. ज्या कामासाठी ही लोकर चांगली, ते काम आपण तिला देणं थांबवलं. घोंगडी, जाड शाल, सतरंजी, कोटाचं बाहेरचं कापड, पिशव्या यांसाठी जाड आणि कणखर तंतूच हवा. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची, लोकर त्यातल्या त्यात मऊ असते आणि जावळाच्या घोंगडीचं मोल आजही जाणकार ओळखतात.

शिवाय दख्खनी मेंढ्यांमध्ये काळ्या रंगाच्या भरपूर असतात. हा काळा रंग मेलॅनिनचा, तंतूच्या आतच तयार झालेला. त्याला पाणी लागत नाही, सरपण लागत नाही, तुरटीही लागत नाही. काळी, करडी, तपकिरी लोकर वेगवेगळी निवडून ठेवली तर निम्मं रंगकाम मेंढीनेच करून ठेवलेलं असतं. उरलेल्या पांढऱ्या लोकरीसाठी टरफलं आणि साली.

लाल कांद्याची टरफलं उकळली की पाणी लालसर होतं. त्यात पांढरी लोकर टाकली की ती गुलाबी होईल अशी कोणाचीही अपेक्षा असते, पण बाहेर निघते ती सोनेरी किंवा तांबूस-पिवळी. टरफलात दोन प्रकारचे रंग असतात. लाल रंग अँथोसायनिनचा. तो उष्णतेने मोडतो, आम्ल-आम्लारीच्या बदलाने पालटतो आणि धाग्यावर फारसा टिकत नाही. दुसरा क्वेर्सेटिन, जो कांद्याच्या वरच्या कोरड्या पापुद्र्यांत मोठ्या प्रमाणात असतो. डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही, पण कापडावर शेवटी राहतो तोच.

त्याला टिकवते तुरटी. तुरटीतला ॲल्युमिनियमचा अणू एका बाजूने लोकरीच्या आम्लधर्मी गटांना बांधला जातो, तर दुसऱ्या बाजूने क्वेर्सेटिनमधले शेजारशेजारचे दोन ऑक्सिजन त्याला चिमट्यासारखे पकडतात. लोकर, धातू आणि रंग अशी तिघांची घट्ट जुळणी होते आणि मग धुतल्याने रंग सहज निघत नाही. अशा धातूच्या क्षारांना रंगबंधक म्हणतात. या जुळणीमुळे नुसता टिकाऊपणा वाढतो असं नाही, रंगाची छटाच बदलते. तुरटीऐवजी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरला तर त्याच कांद्याच्या पाण्यातून शेवाळी, गडद हिरवट-तपकिरी लोकर निघते. डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिनबरोबर तुरटी पिवळा देते आणि हिराकस करडा ते जवळजवळ काळा. युरोपात शतकानुशतकं वापरली गेलेली काळी शाई याच लोह-टॅनिन संयोगाची होती. हिराकस मात्र हात राखून वापरावा. लोह हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने केराटिन हळूहळू खात जातं आणि काही वर्षांनी धागा ठिसूळ होतो. १०० ग्रॅम लोकरीला एक-दोन ग्रॅम पुरे.

घरी करून बघायचं असेल तर आधी लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा. मेंढीच्या अंगचा मेणचट पदार्थ, लॅनोलिन, राहिला तर रंग डाग-डाग बसतो. धुण्याचा सोडा नको, कारण तीव्र आम्लारी केराटिनच्या साखळ्यांना बांधणारे गंधकाचे दुवे तोडते. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून त्यात लोकर तासभर गरम करा. मग निदान लोकरीच्या वजनाइतक्या टरफलांच्या गाळलेल्या काढ्यात पुन्हा तासभर. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, ८० ते ९० अंशांवर ठेवायचं, आणि शेवटी लोकर त्याच पाण्यात निवू द्यायची. तंतूवर सूक्ष्म खवले असतात. अचानक थंड-गरम झालं किंवा फार ढवळलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा गोळा होतो, जो पुन्हा सुटत नाही. घोंगडी विणून झाल्यावर तिला पाण्यात मळतात तेव्हा हाच गुण कामी येतो. वीण दाटते आणि पावसाचे थेंब वरच राहतात. आत मात्र लोकर हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत शोषते, तरी ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णता सोडते. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात घोंगडीची खोळ घेणाऱ्यांना ही ऊब नेमकी मिळते.

नैसर्गिक रंग म्हणजे सगळं निर्मळ, असं मात्र मी लिहिणार नाही. कांद्याचा पिवळा उन्हात फिकटतो आणि तपकिरीकडे झुकतो. डाळिंबाचा त्यापेक्षा चांगला टिकतो. कापड सावलीत वाळवलं तर दोन्ही बरीच वर्षं साथ देतात. काही ठिकाणी रंगबंधक म्हणून पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, तेव्हा त्याने बांधलेला रंग वनस्पतीचा असला तरी घेऊ नये. तुरटीचं उरलेलं पाणीही ओढ्यात किंवा गोदावरीत सोडू नये, पुढच्या खेपेला वापरावं. १८५६ साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवल्यानंतर स्वस्त आणि चकचकीत रंगांचा पूर आला. त्याची किंमत नद्यांनी मोजली. आपण तीच वाट वनस्पतींच्या नावाने पुन्हा धरू नये.

आता जमिनीकडे. कापणी झाल्यावर धनगरांचा वाडा शेतात उतरवण्याची, मेंढ्या बसवण्याची, पद्धत आपल्याकडे जुनी आहे. शेतकरी त्यासाठी धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्या दिवसभर पिकांचे धसकट, बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा खातात, म्हणजे माणसाच्या ताटात कधीच न येणारं अन्न, आणि रात्री शेतात लेंड्या व मूत्र सोडतात. मूत्रातला युरिया थेट मातीत मुरतो. उघड्या उकिरड्यावर त्यातला मोठा वाटा अमोनिया होऊन हवेत उडून गेला असता. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या आपल्या जमिनींना हे खाद्य फार मोलाचं आहे. हल्ली ज्याला पुनरुज्जीवक शेती म्हणतात, तिच्यात जमीन झाकलेली ठेवणं, मुळं जिवंत ठेवणं आणि जनावरं फिरती ठेवणं यांवर भर असतो. यातलं जनावरं फिरती ठेवण्याचं काम वाडा पिढ्यान्‌पिढ्या करतो आहे. तरीही मेंढी रवंथ करणारं जनावर आहे. वर्षाला साधारण ५ किलो मिथेन ती सोडतेच, आणि एकाच डोंगरउतारावर कळप फार काळ राहिला तर गवत मुळासकट संपतं. म्हणून कापडावर ‘पुनरुज्जीवक’ अशी चिठ्ठी बघून मला समाधान होत नाही. मेंढ्या कुठे चरल्या, किती दिवस थांबल्या, पुढे कुठे गेल्या, हे सांगणारा विक्रेता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

विणण्याजोगी नसलेली आखूड, मळकी लोकर आणि कापडाच्या चिंध्या यांनाही जागा आहे. शुद्ध केराटिनमध्ये सुमारे १६ टक्के नत्र असतं, युरियात ४६. युरिया काही दिवसांत विरघळून जातो. केराटिन मात्र गंधकाच्या दुव्यांमुळे सावकाश मोडतं. मातीतले काही जिवाणू आणि बुरश्या खास विकरं (एन्झाइम) सोडून ते दुवे सैल करतात आणि नत्र महिनोन्‌महिने थोडं थोडं सुटत राहतं. तोवर ही लोकर आच्छादनाचं काम करते, ठिबकचं पाणी धरून ठेवते. भाजीपाल्याला आणि नव्या लागवडीच्या डाळिंबाला हे चांगलं मानवेल. द्राक्षाच्या वेलीखाली घालताना मात्र जपून. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटीला नत्र लागतं, पण पुढे सूक्ष्मघडनिर्मितीच्या, म्हणजे काडीवरच्या डोळ्यांत घड तयार होण्याच्या, काळात ते कमी ठेवावं लागतं, आणि मातीत पुरलेल्या लोकरीला मध्येच थांब म्हणता येत नाही. बागेत ती घालायचीच असेल तर आधी एका ओळीत थोडी घालून देठ परीक्षणाचा, म्हणजे पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांच्या तपासणीचा, अहवाल बघावा आणि मगच प्रमाण ठरवावं.