वेबवरचं स्वतःचं पान विदर्भातल्या गावांत उशिरा का आलं

वेबवर आपलं एक पान असावं ही हौस वेबइतकीच जुनी. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 मध्ये सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन प्रयोगशाळेतून वेब जगापुढे आणलं. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ते सगळ्यांना मोफत खुलं केलं आणि प्राध्यापक, विद्यार्थी, नुसते हौशी लोकही आपापलं होमपेज मांडून बसले. पीएचपी ही वेबसाइटी बनवायला आज सर्रास वापरली जाणारी भाषासुद्धा रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी केलेल्या अवजारांतून निघाली. तिचं मूळ नावच ‘पर्सनल होम पेज टूल्स’. पुढे जिओसिटीज या वेबसाइटने पानं ठेवायला फुकट जागा वाटायला घेतली. फुकट प्लॉट म्हटल्यावर गर्दी व्हायचीच.

आपल्याकडे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरांत. गावाकडून जोडायचं तर शहरातला नंबर फिरवा आणि एसटीडीचं, म्हणजे परगावच्या फोनचं, बिल भरा. रात्री उशिरा दर उतरायचा, म्हणून जागणारे जागायचे. शेगाव, बडनेरा, सेवाग्रामची अभियांत्रिकी महाविद्यालयं तोवर रुळली होती. खेड्यांतून तिथे शिकायला आलेल्या पोरांना नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, लिहून पान उभं करणं जड नव्हतं. फायली फ्लॉपीत घालायच्या आणि सायबर कॅफेतून चढवायच्या, एवढंच. पण ती पानं बहुतेक इंग्रजीत.

सगळा दोष वायरीवर टाकतात, मला तो अर्धाच पटतो. खरी अडचण लिपीची होती. तालुक्याच्या गावी मराठी टाइप करणारा माणूस होता, पण तो डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्या, दुकानात लग्नपत्रिका जुळवत बसलेला. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. कागदावर छापायला झकास, पण तेच वेबवर टाकलं आणि वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर निव्वळ इंग्रजी कचरा. म्हणून मराठी पानाच्या माथ्यावर आधी फॉन्ट उतरवून घेण्याची सूचना. कॅफेत तासावर पैसे मोजणारा तेवढा कशाला थांबेल?

सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत, 1991 मध्येच, देवनागरी होती. संगणकांना ती वळायला दहा-पंधरा वर्षं लागली. विंडोज एक्सपीत देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग यंत्र विंडोजची मूळ सीडी मागे. ती दुकानदाराकडे कुठली! खूण केली नाही, तर ‘विदर्भ’ या शब्दातली वेलांटी व सोडून पलीकडे पडायची, रफार मोडून र् वेगळा उभा राहायचा. फॉन्टच नसेल तर विचारायलाच नको: “काय दिसून रायलं भाऊ?” “काही नाही, नुसते डबे दिसून रायले.” त्यात भारनियमन. अर्धवट चढलेली फाईल आणि गेलेली लाईट, याचा वैताग ज्यांनी भोगला त्यांनाच माहीत.

मराठी टायपिंग सोपं होईतो फुकट प्लॉटांचा काळच सरला होता. याहूने 1999 मध्ये विकत घेतलेलं जिओसिटीज 26 ऑक्टोबर 2009 रोजी बंद केलं. ज्यांनी फायली जपून ठेवल्या नव्हत्या त्यांची पानं गेली. लोक आधी ऑर्कुटवर, मग फेसबुकवर गेले. तिथे खातं आपलं, जागा परक्याची.

त्यानंतरचं पटापट घडलं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला 2011 मध्ये मंजुरी मिळाली, मेळघाटातलं हरिसाल ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं, आणि 2016 मध्ये रिलायन्स जिओची मोबाइल सेवा आल्यावर शेताच्या धुऱ्यावरही नेट सुरू झालं. मधे, 2014 मध्ये, ‘.भारत’ हे देवनागरी डोमेनही मिळालं, म्हणजे पत्तासुद्धा मराठीत लिहिता येतो. गुगल साइट्स, गिटहब पेजेस आजही मोफत जागा देतात. तरी वरुड-मोर्शीकडे संत्र्याची कलमं विकणाऱ्याला पान कशाला हवं ते पटवावं लागतं. त्याची गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवरच भाव विचारतात आणि त्याचं काही अडत नाही.